गणिताची पदवी आणि इतिहासाचा तराजू: दा. ध. कोसंबी

१/८
गणित वा सांख्यिकीची पदवी घेऊन पुढे काय? अध्यापन, बँक, विमा ही नेहमीची उत्तरे. एक निराळे उत्तर एके काळी डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईस ये-जा करीत असे. भांडुप स्थानक न थांबता मागे टाकीत. त्या प्रवाशाचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

२/८
जन्म १९०७, गोवा. वडील धर्मानंद हे पाली भाषा व बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे बी.ए. झाले. बनारस व अलीगढ येथे शिकवून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले.

३/८
सांख्यिकी आत्मसात करायची, तर तिची कसोटी लागेल असा खराखुरा प्रश्न हवा. कोसंबींनी निवडली चांदीची प्राचीन आहत नाणी. त्यांवर ठसे असतात. राजाचे नाव नाही, वर्षही नाही. मग कालक्रम लावायचा कसा?

४/८
उत्तर तराजूत होते. नाणे हातोहाती फिरते, तसे झिजते. एकत्र पुरलेल्या साठ्यात जो गट अधिक काळ चलनात होता, त्याचे सरासरी वजन घटलेले आणि नाण्यानाण्यांतील तफावत वाढलेली आढळते. तक्षशिलेच्या साठ्यांना त्यांनी हीच रीत लावली.

५/८
निष्कर्ष पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही तोलली. नाण्यांमागून ती वापरणारा समाज आला, आणि गणितज्ञ इतिहासाकडे वळला.

६/८
हीच विद्या जनुकशास्त्रातही पोहोचली. गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्याचे त्यांचे १९४० च्या दशकातील सूत्र आजही ‘कोसंबी’ याच नावाने वापरले जाते.

७/८
या मुक्त संचाराची किंमतही होती. १९४० च्या दशकाच्या मध्यापासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९६२ मध्ये तेथील कराराचे नूतनीकरण झाले नाही. चार वर्षांनी, १९६६ मध्ये, त्यांचे निधन झाले.

८/८
तोवर १९५६ च्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाला राजावळीकडून उत्पादन, साधने आणि समाज यांकडे वळवले होते. इतिहासाची आवड असूनही गणित वा सांख्यिकीला प्रवेश घेणाऱ्याने इतिहास सोडला, असे म्हणण्यापूर्वी ही झिजलेली नाणी आठवावीत.