इंकजेट प्रिंटर : मुद्रणदर्जा व विश्वासार्हता यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मुद्रणाच्या इतिहासातील बहुतेक पद्धती दाबावर आधारलेल्या आहेत. खिळ्यांची छपाई असो, शिळाछाप असो की डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या सुया असोत, दाब दिल्याशिवाय शाई कागदावर उमटत नाही. इंकजेट प्रिंटर हा या परंपरेला अपवाद होय. येथे शाईचा थेंब नोझलमधून सुटतो, हवेतून प्रवास करतो आणि कागदावर पडतो. थेंब जितका लहान तितके अक्षर रेखीव. देवनागरीतील अनुस्वार, रफार यांसारख्या बारीक खुणा स्पष्ट उमटण्यासाठी हे विशेष आवश्यक ठरते. परंतु थेंब लहान करावयाचा तर नोझल अरुंद करावे लागते आणि अरुंद नोझल वाळलेल्या शाईने लवकर बुजते. म्हणजेच मुद्रणदर्जा व विश्वासार्हता ही दोन उद्दिष्टे एकाच छिद्रापाशी परस्परविरोधी ठरतात. हा विरोध कसा सोडविण्यात आला आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. अखंड धारेचा टप्पा :
विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८६७ मध्ये सायफन रेकॉर्डरचे पेटंट घेतले. समुद्राखालील तारयंत्राचे संदेश या यंत्रात शाईच्या बारीक धारेने कागदी पट्टीवर नोंदले जात. द्रवाची धार थेंबांत का तुटते, याचे गणिती विवेचन लॉर्ड रॅले यांनी १८७८ च्या सुमारास केले. त्यानंतर १९५१ मध्ये स्वीडनचे रून एल्मक्विस्ट यांना शाईच्या धारेने आलेख नोंदविणाऱ्या उपकरणाचे अमेरिकी पेटंट मिळाले.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील रिचर्ड स्वीट यांनी १९६० च्या दशकात धारेचे समान थेंबांत विभाजन करून, प्रत्येक थेंबाला विद्युतभार देऊन तो इच्छित दिशेला वळविण्याची पद्धत सिद्ध केली. या पद्धतीत धार सतत वाहत असल्याने नोझल बुजण्याचा धोका कमी होता. मात्र न लागणारे थेंब गोळा करणे, गाळणे व पुन्हा फिरविणे यासाठी पंप आणि गाळण्या लागत. आयबीएमने १९७६ मध्ये ४६४० हा प्रिंटर याच तत्त्वावर आणला. कार्यालयातील टेबलावर अशी यंत्रणा परवडणारी नव्हती. कारखान्यांत पाकिटांवर तारखा छापण्यासाठी मात्र ती आजही वापरली जाते.

२. हवा तेव्हाच थेंब :
पुढची पायरी म्हणजे गरज असेल तेव्हाच थेंब सोडणे. विद्युतदाबाने आकार बदलणाऱ्या पिझो स्फटिकाच्या साहाय्याने शाई ढकलण्याचे प्रयोग १९७० च्या दशकात झाले. १९७७ मध्ये सीमेन्सचा पीटी-८० हा प्रिंटर बाजारात आला. पंप व गाळण्या गेल्या, पण नवी अडचण उभी राहिली. थेंब सुटत नसताना नोझलच्या तोंडाशी शाई स्थिर राहते, तिच्यातील पाणी उडते आणि ती घट्ट होते. उन्हाळी सुट्टीत बंद राहिलेला प्रिंटर जून महिन्यात रेघा सोडून छापतो, त्याचे कारण हेच.

१९७७ मध्येच कॅनन कंपनीत इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग इस्त्री शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली व सुईतून शाई उडाली, अशी हकिकत सांगितली जाते. उष्णतेने निर्माण होणाऱ्या वाफेच्या बुडबुड्याने थेंब बाहेर फेकण्याच्या तंत्राचा तेथे आरंभ झाला. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड (एचपी) मध्ये जॉन व्हॉट यांनी १९७९ च्या सुमारास याच तत्त्वावर स्वतंत्रपणे काम केले.

३. बदलता येणाऱ्या हेडचा तोडगा :
बुडबुड्याच्या पद्धतीतही दोष होते. तापणाऱ्या पृष्ठभागावर शाई करपून थर जमे. त्याला जपानी शब्दावरून ‘कोगेशन’ असे नाव पडले. बुडबुडा फुटताना बसणाऱ्या आघातानेही तो पृष्ठभाग झिजत असे. टँटलम धातूचा संरक्षक थर देऊन हे नुकसान कमी करण्यात आले.

खरी कलाटणी मात्र वेगळ्याच विचाराने मिळाली. हेड वर्षानुवर्षे टिकलेच पाहिजे का, हा तो विचार होय. एचपीच्या १९८४ मधील थिंकजेट प्रिंटरमध्ये शाई व हेड एकाच कार्ट्रिजमध्ये होते. त्यात १२ नोझल होती आणि स्पष्टता इंचाला ९६ ठिपक्यांची होती. हेड शाई संपेपर्यंत टिकले की पुरे, आणि बिघडलेच तर कारागिराची वाट न पाहता वापरणाऱ्याने ते स्वतः बदलावे, अशी ही रचना होती. मात्र चांगल्या छपाईसाठी विशेष कागद लागे. १९८८ च्या डेस्कजेटने साध्या कागदावर इंचाला ३०० ठिपके दिले आणि त्याची किंमत १००० डॉलरच्या आत होती. हेड विसाव्यात असताना झाकणे, पुसणे आणि ठरावीक वेळाने थोडी शाई फवारणे ही देखभाल यंत्रच करू लागले.

एप्सनने १९९३ पासून पिझो तंत्राचा पुरस्कार केला. या पद्धतीत शाई तापवावी लागत नसल्याने शाईच्या घटकांची निवड अधिक मोकळेपणाने करता येते. १९९४ च्या स्टायलस कलरने इंचाला ७२० ठिपक्यांपर्यंत मजल मारली. हेड मात्र प्रिंटरमध्ये कायमचे असल्याने ते बुजले की साफसफाईत शाई खर्च होते. ही शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत जमते आणि ती भरल्यावर प्रिंटर थांबतो.

४. शाई, कागद व टिकाऊपणा :
दर्जा केवळ ठिपक्यांच्या संख्येवर ठरत नाही. पाण्यात विरघळलेला रंग साध्या कागदाच्या तंतूंमधून पसरतो व अक्षराची कड फुटते. म्हणून लेपयुक्त कागद व न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई यांचा स्वीकार झाला. २००० मध्ये एप्सनच्या काही फोटो प्रिंटरवरील चित्रे अल्पावधीत नारिंगी पडू लागली. हवेतील ओझोन निळसर रंग फिका करतो, असे त्यातून स्पष्ट झाले. छापताना उत्तम दिसणारे चित्र टिकेलच असे नाही, हा धडा त्यामुळे मिळाला. रंगकणांची शाई अधिक टिकते, परंतु तिचे कण नोझलमध्ये बसू नयेत याची दक्षता घ्यावी लागते. २००५ पर्यंत थेंब १ पिकोलिटर, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटींश भागापर्यंत लहान झाला होता.

५. शाईच्या टाकीकडे :
बदलत्या कार्ट्रिजने विश्वासार्हता दिली, पण तिचा खर्च प्रत्येक पानावर विभागून ग्राहकाच्या माथी आला. प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग, असे व्यापारी गणित रूढ झाले. आशियातील अनेक देशांत छोट्या व्यावसायिकांनी प्रिंटरला बाहेरून शाईच्या बाटल्या व नळ्या जोडून त्यावर उपाय काढला. हा उपाय अनधिकृत होता. नळीत हवा शिरणे व शाई गळणे हे त्याचे दोष होते. तरीही गरज खरी होती. २०१० मध्ये एप्सनने इंडोनेशियात कारखान्यातच टाकी बसविलेला प्रिंटर आणला. पुढे असे प्रिंटर भारतातही आले आणि इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला.

निष्कर्ष :
१) इंकजेटच्या विकासात दर्जा व विश्वासार्हता यांची प्रगती एकाच वेळी झाली नाही, एकातील प्रत्येक सुधारणेने दुसऱ्यापुढे नवा प्रश्न उभा केला.
२) सर्वात परिणामकारक उपाय नोझल न बुजू देण्याचा नव्हता, तर बुजलेले नोझल सहज बदलण्याचा होता.
३) या उपायाने बिघाडाचा भार यंत्रावरून ग्राहकाच्या खर्चावर सरकला. टाकीच्या प्रिंटरने हा खर्च कमी केला. परंतु टिकाऊ हेडची जपणूक पुन्हा आवश्यक झाली.
४) तंत्रज्ञानाच्या इतिहासात संशोधकांइतकाच वापरकर्त्यांच्या गरजेचाही वाटा असतो. बाटली व नळी जोडणाऱ्या अनामिक कारागिरांची नोंद त्यामुळेच या इतिहासात व्हावयास हवी.