अलिबागच्या सुईचं वंशज

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेसाठी दगड पोरबंदरहून आणला. रायगड जिल्ह्यात पाय ठेवाल तिथे काळा कातळ, पण आपल्या या बेसाल्टात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. त्याच्या भिंती बांधल्या असत्या तर सुईनं पृथ्वीऐवजी भिंतीचंच ऐकलं असतं. म्हणून चुंबकत्व नसलेला दगड पारखून घेतला. मुंबईत येणाऱ्या विजेच्या ट्राम सुई विचलित करतील म्हणून 1904 साली तिथल्या कुलाबा वेधशाळेतली चुंबकीय मोजणी इथे हलली, हे सर्वश्रुत आहे.

मला भुरळ घातली ती नाकारलेल्या कातळानं. 1956 साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टाचं चुंबकत्व मोजून प्रसिद्ध केलं. लाव्हा थिजताना त्यातल्या कणांनी त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली होती, आणि ती सांगत होती की हा खडक विषुववृत्ताच्या दक्षिणेला जन्मला. भारत सरकत आलाय, याची साक्ष दगडानंच दिली. तेच सरकणं मोजायला आज भूभौतिकीचा पदवीचा विद्यार्थी बंगळूरच्या जीपीएस स्थानकाच्या खुल्या नोंदी उतरवून घेतो, स्थानकाच्या जागेचा रोजचा एक ठिपका मांडतो, आणि काही वर्षांत रेष उमटते: वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर, ईशान्येकडे.

जीपीएसनं जमिनीची हालचाल मोजण्याच्या या तंत्राचं कूळ त्रिकोण मोजून नकाशा करणाऱ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं, असं बहुतेक मानतात. त्यांचा पक्ष भक्कम आहे. 1897च्या आसाम भूकंपानंतर सर्वेक्षकांनी तिथले त्रिकोण पुन्हा मोजले होतेच. तरी मला ते पटत नाही. सर्वेक्षकाला बिंदू अढळ हवा असतो. तो हलला की नकाशा दुरुस्त करायचा. वेधशाळेला मात्र बदलच टिपायचा असतो, त्याच खांबावर, पिढ्यानपिढ्या. कायमस्वरूपी जीपीएस स्थानक नेमकं हेच करतं. आणि अलिबागची वेधशाळा चालवणारी, नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था भूकवचाच्या हालचाली जीपीएसनं मोजते, हा मी योगायोग मानत नाही.

जीपीएसचं आणि अलिबागचं नातं वरूनही आहे. जीपीएस उपग्रहाचा संदेश वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, आयनांबरात, रेंगाळतो. ती चूक काढण्यासाठीच तो दोन वारंवारतांवर घेतात. अलिबागची सुई रोज हलवणारे विद्युतप्रवाह याच थरात वाहतात. वादळात ती चूक पूर्ण निघेलच असं नाही. म्हणून चुंबकीय वादळाच्या दिवसाचा ठिपका रेषेबाहेर पडला, तर जमीन हलली म्हणण्याआधी विद्यार्थ्यानं अलिबागचा आलेख पाहावा.