वेढ्यातला ईस्टर

गुड फ्रायडे जवळ आला की आमच्या हापिसात दोन प्रकारचे लोक दिसतात. पहिले म्हणजे जानेवारीतच कालनिर्णय उलटून 'शुक्र, शनि, रवि' असं बोटांवर मोजून अलिबागचं बुकिंग करून मोकळे होणारे. दुसरे म्हणजे गुरुवारी संध्याकाळी पाचलाच बॅग उचलून "चर्चला जायचंय, निघतो" म्हणणारे. मी वर्षानुवर्षं पहिल्या गटात होतो. या खेपेला मात्र विकांत दुसऱ्या गटाबरोबर वसईला घालवला आणि परत आल्यापासून डोक्यात १७३९ साल ठाण मांडून बसलंय. ते उतरवून टाकायला हा खटाटोप.

ज्याच्या घरी गेलो तो माझ्याच टीममधला, वसईचा, कुपारी समाजाचा. ओळख झाली त्या दिवशी त्याचं आडनाव ऐकून आणि नंतर त्याचं बोलणं ऐकून मी अगदी मनापासून म्हणालो होतो, "तुझं मराठी मस्त आहे रे!" तो शांतपणे म्हणाला, "थँक्यू. तुझंपण बरंय." यात टोमणा होता हे कळायला मला जेवणाच्या सुट्टीपर्यंतचा वेळ लागला :) आणि कळल्यावर कुठे तोंड लपवू असं झालं. ज्या माणसाच्या घरात चारशे-साडेचारशे वर्षं सगळं मराठीच्याच एका बोलीत चाललंय, त्याला मी भाषेचं सर्टिफिकेट द्यायला निघालो होतो.

तर शनिवारी रात्री आम्ही चर्चच्या अंगणात उभे होतो. आधी चर्चमधले सगळे दिवे बंद. बाहेर शेकोटी पेटवली, तिच्यावर पास्काची भलीमोठी मेणबत्ती पेटवली. त्या मेणबत्तीवर चालू सालाचे चार आकडे कोरलेले असतात (मला उगाच व्हर्जन नंबर आठवला). मग त्या एका ज्योतीवरून शेजाऱ्याची, त्याच्यावरून पुढच्याची, असं करत पूर्ण चर्च उजळत गेलं. पुढच्या बाकांवर लाल लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या बायका, मागे जीन्समधली पोरं. उत्पत्तीची गोष्ट, मग मोशे आणि दुभंगलेला समुद्र, एकामागून एक वाचनं, सगळी मराठीत. पूर्वी हे लॅटिनमध्ये चालायचं. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषेत उपासना सुरू झाली आणि वसईत साहजिकच मराठी आली. याच मातीतल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ च्या जुलैत ते गेले.

वाचनं संपली आणि 'ग्लोरिया' सुरू झाला. त्याबरोबर घंटा वाजायला लागल्या. आतल्या छोट्या, वरच्या मोठ्या, सगळ्या एकदम. मी दचकलोच. मित्र कानाशी म्हणाला, "गुरुवारपासून गप्प होत्या."

तशी रीतच आहे. पवित्र गुरुवारच्या मिस्सेत ग्लोरियाला घंटा वाजतात आणि नंतर थेट शनिवारी रात्री. मधल्या काळात, म्हणजे येशूची अटक, क्रूस आणि कबर यांच्या दिवसांत, घंटा वाजवत नाहीत. तिथे लाकडावर लाकूड आपटून कोरडा टकटक आवाज काढतात. फ्रान्समध्ये लहान मुलांना सांगतात की या दिवसांत घंटा उडून रोमला गेलेल्या असतात आणि ईस्टरला परत येतात.

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात भलतीच घंटा वाजली. कारण मी वाईचा. वसईच्या घंटा रोमला नाही, आमच्याकडे गेल्या.

वाईजवळ मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेचा घाट, 'स्वदेस'चं शूटिंग झालं ते गाव. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी मंडपात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. लहानपणी शाळेच्या सहलीत आम्ही रांग लावून तिला बघितलं होतं. सर म्हणाले होते, "चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, तेव्हाची." आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटाही वसईचीच, भीमाशंकरचीही. मेरीची घंटा शंकराच्या देवळात आहे यात मला तेव्हा काहीच विचित्र वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आताही विचित्र असं वाटत नाही. फक्त ही घंटा जिथून आणली तिथे मागे कोणी राहिलं होतं का, हा प्रश्न सहलीतल्या चाळीस मुलांपैकी एकालाही पडला नव्हता. मलाही नाही.

आता थोडी पार्श्वभूमी. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आजूबाजूची बेटं तहात पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे पाच वर्षं ती त्यांच्याकडे होती. चर्चेस उभी राहिली आणि गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. ती कशी झाली याबद्दल दोन्हीकडून गुळगुळीत गोष्टी सांगितल्या जातात, पण तसं नव्हतं. उपदेश होता, जमिनी-नोकऱ्यांची आमिषं होती, आणि देवळं पाडणं, सक्ती, १५६० पासून गोव्यातलं इन्क्विझिशन हेही होतं. वसईत सामवेदी हिंदूही आहेत आणि सामवेदी ख्रिस्तीही, आणि दोघांची कादोडी बोली एकच. भिंत नेमकी कुठे पडली ते भाषेवरून अजून कळतं.

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. १७३९ च्या फेब्रुवारीत वसईच्या किल्ल्याला चिमाजीअप्पांचा वेढा पडला. बुरुजांखाली सुरुंग, दोन्हीकडे हजारो माणसं मेली, आणि १६ मे रोजी किल्ला शरण आला. हे आपण शाळेत शिकतो.

फेब्रुवारी ते मे. म्हणजे मध्ये ईस्टर येऊन गेला असणार! रविवारी पहाटे मित्राच्या घरच्या ओट्यावर झोप येईना, तेव्हा हा हिशेब सुचला.

ईस्टरची तारीख काढणं हा प्रोग्रामर लोकांचा जुना छंद आहे. नियम साधा वाटतो: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा धरायची, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही. सूर्य आणि चंद्र दोघांना सांभाळून घेणारं पंचांग आपल्याही भिंतीवर आहे. म्हणूनच ईस्टर बहुतेक वेळा हनुमान जयंतीच्या आसपास घुटमळतो. २०१८ मध्ये शुक्रवारी गुड फ्रायडे, शनिवारी हनुमान जयंती आणि रविवारी ईस्टर अशी ओळीने तीन दिवस आली होती. कधीकधी गडी होळीच्या पौर्णिमेवरच समाधान मानतो. २०२४ मध्ये धुळवडीनंतर सहाच दिवसांनी ईस्टर होता. यात मेख एवढीच की पौर्णिमा आकाशातली नाही, कोष्टकातली घ्यायची. त्या कोष्टकासाठी शेकडो वर्षं पाद्री लोक गणित करत बसले. डोनाल्ड नुथने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात ईस्टरच्या तारखेचा अल्गोरिदम स्वाध्याय म्हणून दिलाय. पायथनवाल्यांना तर तेवढेही कष्ट नकोत, डेटयुटिल लायब्ररीत तयार फंक्शन आहे.

मी मोबाइलवर १७३९ घातलं. उत्तर आलं: २९ मार्च.

वेढ्याच्या ऐन मध्यावर. वसईच्या पोर्तुगीजांचा शेवटचा ईस्टर तोफांच्या आवाजात आला. आणि त्याआधीचे दोन दिवस, गुरुवार रात्र ते शनिवार रात्र, रीतीप्रमाणे घंटांना सुट्टी. पुढे सात आठवड्यांत त्यांतल्या कितीतरी घंटा खाली उतरणार होत्या, हत्तींवरून-गाड्यांवरून की कशा कोण जाणे, पण घाट चढून वर येणार होत्या.

त्या फंक्शनला आणखी एक पॅरामीटर आहे: जुनं ज्युलियन कॅलेंडर की नवं ग्रेगोरियन. पोर्तुगालने १५८२ मध्येच नवं स्वीकारलं, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. इंग्रज मात्र पोपचं कॅलेंडर कशाला म्हणून १७५२ पर्यंत हटून बसले. आणि १७३९ मध्ये मुंबई बेट इंग्रजांचं होतं. फोर्टमधलं सेंट थॉमस, म्हणजे ज्याच्यामुळे चर्चगेटला चर्चगेट म्हणतात ते चर्च, १७१८ पासून सुरू होतं. गंमत म्हणून पॅरामीटर बदलला. इंग्रजांचा ईस्टर त्यांच्या तारखेने २२ एप्रिलला निघाला. पोर्तुगीज तारखेत सांगायचं तर ३ मे. पाच आठवड्यांचा फरक! आज विरार लोकलने जे अंतर आपण तासा-सव्वा तासात कापतो, तेवढ्यात दोन ईस्टर, दोन्ही एकाच वेढ्यात. वसईतला ईस्टर सुरुंगांच्या छायेत आणि मुंबईतला बऱ्यापैकी निवांत, कारण इंग्रज त्या लढाईत उतरलेच नाहीत. शिवाय २९ मार्चपासून एकोणपन्नास दिवस मोजले की पेंटेकॉस्टचा सण येतो, १७ मेला. किल्ला पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी. चर्चच्या कॅलेंडरमध्ये ईस्टरचा काळ संपतो तो या सणाला. (हा निव्वळ योगायोग आहे, मला माहितेय. पण पहाटे साडेचारला योगायोग फार मोठे वाटतात.)

पोर्तुगीज मानाने बाहेर पडले, होड्यांत बसून गेले. त्यांच्याबरोबर गोरे पाद्रीही. गावातले ख्रिस्ती कुठे जाणार? त्यांची शेतं, केळीच्या बागा, मासेमारी इथेच. आता त्यांच्यामागे ना राजा होता ना फौज. धर्म पोर्तुगीजांनी आणलेला, तेव्हा पोर्तुगीज गेल्यावर तोही गेला पाहिजे, असं आपलं साधं गणित. ते चुकलं. १७४० मध्ये १७ एप्रिलला ईस्टर आला आणि मागे राहिलेल्यांनी, इथल्याच पाद्र्यांना हाताशी धरून, पुढचं सगळं निभावलं. १७६० मध्ये, म्हणजे ऐन पेशवाईत, आंकेतिल द्यु पेराँ नावाचा फ्रेंच प्रवासी साष्टीतून फिरला. ठाण्यात त्याने एका सणाचा थाट पाहिला. पाद्री, गाणारे, जमलेले लोक सगळे इथलेच, एकही गोरा नाही. मिरवणूक भर रस्त्यातून चालली होती आणि बघणारे हिंदू तिला नमस्कार करत होते, असं त्याने लिहून ठेवलंय. शाळेच्या पुस्तकात वसईच्या विजयाखाली ही चार वाक्यं घालायला काय हरकत होती?

पुढे रेल्वे आली, गोवा-मंगळूरकडचे ख्रिस्ती नोकऱ्यांसाठी मुंबईत आले. इथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांना आपलं वेगळेपण सरकारदरबारी सांगायची गरज वाटली. म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचं निमित्त साधून, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. पश्चिम किनाऱ्यावर राहून पूर्वेचं नाव! मित्राला हे नाव फारसं पटत नाही. "आम्ही कुपारी," तो म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'कोंपाद्र'वरून आला म्हणतात, म्हणजे बाळाच्या बाप्तिस्म्याला उभा राहणारा धर्मबाप. पूर्ण समाजाचं नावच मुळी एका नात्यावरून.

असो. रविवारी दुपारी हापिसातले आणखी चौघं आले आणि जेवणं झाली. इंद्याल होतं. विंदालूचंच हे भावंड, मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ वाइन आणि लसूण, त्यात बटाट्याचा काहीही संबंध नाही हे मी पुन्हा एकदा ठणकावून सांगतो. (बटाटा हा शब्द मात्र पोर्तुगीजच. पाव, साबण, चावी, पगारसुद्धा. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी महिनाअखेरीला काय मागायचं ते ठरवावं.) तांदळाच्या भाकऱ्या होत्या, फुगे होते, बदामाच्या मार्झिपानची अंडी होती. आमच्यातल्या एकमेव शाकाहाऱ्यासाठी वांग्याची भाजी वेगळी केली होती, तिच्यातही बॉटल मसाला. हा मसाला पावसाळ्याआधी वर्षाचा कुटून गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून बॉटल. ईस्टरला जुन्या वर्षाच्या बाटल्या तळाला गेलेल्या असतात आणि नव्याच्या मिरच्या उन्हात पडायच्या बेतात असतात. मित्राच्या आजीने चाळीस दिवस मांस-मच्छी काहीच खाल्लं नव्हतं. राखेच्या बुधवारपासून मोजले तर दिवस शेहेचाळीस भरतात, मी मोजून दाखवले. "रविवार धरायचे नाहीत रे पोरा," आजी म्हणाल्या. ऑफ-बाय-सिक्स एरर.

जेवण झाल्यावर सुकेळी खात बसलो होतो. पिकलेली राजेळी केळी वाळवून करतात ती. मी आजींना मेणवलीबद्दल सांगितलं. सांगू की नको असं होत होतं, कारण आमच्या गावची अभिमानाची वस्तू त्यांच्या गावची गेलेली वस्तू आहे. मोबाइलमध्ये जुना फोटो सापडला तो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. बोटाने स्क्रीनवरची मेरी मोठी करायचा प्रयत्न केला, ती फाटली, मग मी करून दिली.

"छान ठेवलीय," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आवाज कसा आहे तिचा?"

मला सांगता येईना. इतक्यांदा गेलोय तिथे, पण वाजताना कधी ऐकलीच नाही. "तुम्ही वाजवत नाही?" आजींनी विचारलं. सहलीत सरांनी हात लावायचा नाही म्हणून दम दिला होता, एवढंच मला आठवतं. पुढच्या महिन्यात घरी जाणार आहे तेव्हा देवळातल्या गुरवांना विचारणार आहे. एकच टोल वाजवू दिला तरी मोबाइलवर रेकॉर्ड होईल. मित्राने आत्ताच सांगून ठेवलंय, फाइल त्याला नाही, थेट आजींना व्हॉट्सॅपवर पाठवायची.