निघोज्याची जमीन आणि सोळा आण्यांचे गणित

खेड तालुक्यातील निघोजे हे इंद्रायणीच्या खोऱ्यातले गाव आज मोटारींच्या कारखान्यांमुळे दूरवर ठाऊक झाले असले, तरी त्या कारखान्यांखालच्या जमिनीची हकीकत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, भूगर्भातील लाव्हारस भेगांवाटे उसळून त्याचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार सिद्ध झाले, तेथून सुरू होते. त्या काळ्या पाषाणाची ऊनपावसाने झीज होऊन मुरूम होतो. मुरमाचाही भुगा होऊन त्यातील बारीक माती सखल भागी साचली की तेथे काळी जमते आणि चढावर उरते ती बरड. काळीतील चिकणमाती पावसात फुगते व उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून वैशाखात तिला पाऊल अडकावे अशा भेगा पडतात.

मुरूम, काळी, बरड हे शब्द मुळात कुणब्याचे. सरकारी दप्तराने ते उचलले आणि शेतसारा ठरवण्यासाठी त्यांवर आणे चढवले. पुणे जिल्ह्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने १८२७ च्या सुमारास केलेली पाहणी कागदावर मोठी शास्त्रशुद्ध, परंतु हाताखालच्या कारकुनांच्या लबाडीने ती फसली आणि रयत बेजार झाली. पुढे गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ पासून इंदापुरास नव्याने आरंभ केला, आणि त्यातून निघालेली पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालात कायम झाली.

तिचे गणित असे. प्रत्येक शेताचे कागदावर भाग पाडायचे, दर भागात मातीचा रंग, पोत आणि खोली हातांच्या मापाने पाहायची. पावणेदोन हात खोल, निर्दोष काळी म्हणजे पहिली प्रत, सोळा आणे. तीतच चुनखड आढळली तर एक प्रत खाली, म्हणजे चौदा. शिवाय उतार असला तर बारा. अशा नऊ प्रती, शेवटची अवघी दोन आण्यांची. मला या कोष्टकात इंग्रजी बुद्धीपेक्षा गावच्या म्हाताऱ्यांचे ज्ञानच अधिक दिसते. साहेबाने फक्त रकाने आखले.

त्या हिशेबातून ठरलेला साऱ्याचा ‘आकार’ सातबाऱ्यावर आजही छापला जातो. कारखान्याच्या पायाला मात्र ही प्रतवारी उलटी लागू पडते: सोळा आण्यांची फुगणारी काळी आधी खणून बाजूला काढावी लागते, आणि दोन आण्यांच्या बरडाखालचा मुरूम भरावासाठी विकत आणावा लागतो.