तळटीप : राखीव मार्गाचा आकडा

१. ‘राखीव मार्ग २०० देऊन लिहिला’ : हा आकडा म्हणजे लाइनचा वेग नव्हे की दोन ऑफिसांमधले अंतरही नव्हे. एकाच नेटवर्ककडे जाणारे मार्ग राउटरला निरनिराळ्या रीतीने कळले, तर कोणता ग्राह्य धरायचा, हे त्यावरून ठरते. त्याला ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स’ म्हणतात. आकडा जितका लहान, तितका मार्ग वरचढ. सिस्कोच्या राउटरमध्ये हाताने लिहिलेल्या स्टॅटिक मार्गाला मुळात १ आणि ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलकडून शिकलेल्या मार्गाला ११० मिळतात. म्हणून दोन ऑफिसांमधल्या मुख्य लीज्ड लाइनवर ओएसपीएफ चालत असेल, तर व्हीपीएनमधून जाणारा राखीव स्टॅटिक मार्ग २०० देऊन लिहितात. एरवी तो राउटिंग टेबलात दिसतही नाही; ओएसपीएफचा मार्ग गेला की पुढे येतो आणि तो परतला की मागे सरतो. २०० लिहायचे राहिले, तर लीज्ड लाइन धडधाकट असूनही सगळी वाहतूक व्हीपीएनमधूनच जाते.

दोन्ही मार्ग स्टॅटिक असले की एक मेख राहते. लाइन मध्येच कुठे तुटली, पण राउटरचा पोर्ट चालूच दिसत राहिला, तर मुख्य मार्ग टेबलातून हटत नाही आणि डेटा वाया जातो. अशा वेळी ‘आयपी एसएलए’ पलीकडच्या टोकाला ठरावीक वेळाने पिंग करते. उत्तर येईनासे झाले की ट्रॅकिंग तो मार्ग काढून टाकते. हा बंदोबस्त दोन्ही ऑफिसांच्या राउटरवर करावा लागतो, नाहीतर उत्तरे तुटलेल्या लाइनकडेच पाठवली जातात. — संपा.