सत्त्याण्णवांतला एक

आमच्या सांगोला तालुक्यातली म्हातारी माणसं दोन हिशेब बोटांवर मोजून सांगायची. पाऊस नीट झाला ती सालं, आणि आबा पडले ती. दुसऱ्या हिशेबाला दोनच बोटं लागत.

आबा म्हणजे गणपतराव देशमुख. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. सांगोल्यात वकिली करू लागले आणि इथलेच झाले. 1962 साली शेतकरी कामगार पक्षाकडून पहिल्यांदा आमदार झाले, 1967 ला पुन्हा. 1972 ला, दुष्काळ तोंडावर असताना, पडले. 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग 1978, 1980, 1985, 1990. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही पक्ष काढणारी माणसंसुद्धा पुढं काँग्रेसमध्ये गेली. आबा होते तिथंच राहिले. 1978 ला मंत्री झाले, पण मुंबईला जायचं ते बहुतेक एसटीनंच. आमचे अण्णा म्हणायचे, "आमदार शेजारी बसलाय आन् कंडक्टर सुट्ट्या पैशावरनं भांडतोय, आसा तालुका दुसरा दाखव."

1995 ला माझं पहिलं मत होतं. आमची पोरं म्हणाली, "किती दिवस तेच ते? एकदा बदलून बघू." घरी हा विषय काढला तर अण्णा उसळले. "सारखा दुष्काळ म्हणतोस. आरं, पाऊस काय आमदार पाडतोय व्हय?" मी गप्प बसलो. शाळेच्या खोलीत कागद हातात आला, मी शिक्का दुसरीकडं मारला. बाहेर आल्यावर अण्णांनी विचारलं, "दिलंस ना आबांना?" मी मान हलवली.

निकालादिवशी बातमी आली. शहाजीबापू पाटील निवडून आले. फरक 192 मतांचा.

अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. आई बोलवायला गेली तर म्हणाले, "एवढ्या मोठ्या तालुक्यात 192 मतं म्हंजे दोन वाड्या." मी मात्र अंथरुणात पडून वेगळा हिशेब करत होतो. 192 चा निम्मा 96. म्हणजे तिकडं गेलेल्या 97 माणसांनी इकडं शिक्का मारला असता तर आबा आले असते. त्या सत्त्याण्णवांतला मी एक.

बापूंना मत देणं हा काही गुन्हा नव्हता. मत माझं होतं. जिवाला लागलं ते अण्णांपुढं हलवलेल्या मानेचं.

1999 ला आबा परत आले, पुन्हा मंत्री झाले. नंतर 2004, 2009 आणि 2014. एकाच मतदारसंघातून अकरा वेळा. त्या 1999 ला मी आणि अण्णा सोबतच गेलो. रांगेत त्यांना सांगावं असं मनात आलं, पण पुढची माणसं सरकली आणि तेवढ्यावर राहिलं.

30 जुलै 2021 ला आबा गेले. अण्णा त्याआधीच गेले होते.

गावात अजून कुणी पारावर म्हणतं, "एका मतानं काय होतंय?" तेव्हा मी 97 चा हिशेब सांगतो. त्यातला एक कोण होता, ते आज पहिल्यांदा लिहितोय.