‘रिमेंबर मी’ची किल्ली : अपाची शायरोमधली तयार चावी बदलायची का आणि कशी?

लॉगिन करताना पासवर्डखाली ‘रिमेंबर मी’ असा छोटा चौकोन दिसतो. तिथे टिक केली की वेबसाइट ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवते आणि पुढच्या वेळी पासवर्ड विचारत नाही. या कुकीत कुणी फेरफार करू नये म्हणून ती सर्व्हरकडच्या गुप्त चावीने एन्क्रिप्ट केलेली असते.

अपाची शायरो हे जावातल्या वेबसाइट्ससाठी लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. जुन्या आवृत्त्यांमध्ये ही १२८ बिटची एईएस चावी कोडमध्येच लिहिलेली होती. प्रोग्रामरने स्वतःची चावी दिली नाही, तर तीच वापरली जायची. कोड सगळ्यांना खुला, त्यामुळे चावीही खुली. कुलूप भक्कम, पण किल्ली दाराबाहेर खिळ्याला टांगलेली!

धोका दुसऱ्याच्या नावाने लॉगिन करण्यापुरता नव्हता. शायरो कुकी उलगडून तिच्यातून जावाचा ऑब्जेक्ट पुन्हा तयार करतं. याला डीसिरियलायझेशन म्हणतात. चावी माहीत असलेला हल्लेखोर कुकीत मुद्दाम घडवलेला ऑब्जेक्ट घालून थेट सर्व्हरवर आपल्या कमांड चालवू शकत होता. त्यासाठी खातंही लागत नव्हतं. ही त्रुटी सीव्हीई-२०१६-४४३७ या क्रमांकाने नोंदली गेली.

१.२.५ आवृत्तीत ठरलेली चावी काढली गेली. आता चावी दिली नसेल, तर सर्व्हर सुरू होताना नवी तयार होते. पण मग सर्व्हर रीस्टार्ट झाला की जुन्या कुकी निकामी होतात. एकाच साइटचे दोन सर्व्हर असतील, तर त्यांना एकमेकांच्या कुकी वाचता येत नाहीत. म्हणून स्वतःची कायमची चावी ठेवावी लागते, आणि इथेच घोळ होतो : अनेकांनी ती ट्युटोरियलमधून जशीच्या तशी उचलली. अशा चाव्यांच्या याद्या हल्लेखोरांकडे असतात. चुकीची चावी लावली की शायरो ‘डिलीट मी’ अशी कुकी परत पाठवतं, त्यामुळे बरोबर चावी कोणती, तेही कळतं.

योग्य मार्ग असा : शायरोच्या एईएस सेवेकडूनच नवी चावी तयार करून घ्यायची, ती सेटिंगमध्ये ‘सायफर की’ म्हणून द्यायची आणि गिटहबवर जाणाऱ्या कोडपासून दूर ठेवायची. आवृत्ती किमान १.४.२ हवी, कारण त्याआधी चावी माहीत नसतानाही कुकी बनवण्याची एक पळवाट होती. ‘रिमेंबर मी’ लागतच नसेल, तर ते बंद केलेलं उत्तम.

चावी बदलल्यावर सगळ्यांना एकदा पुन्हा लॉगिन करावं लागतं. पासवर्ड मात्र तेच राहतात.